बगळ्याचा पाय

(शाळेच्या १९८८च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला 'शाळेच्या आठवणी' असा विषय दिला होता. मी तो जरा लहान करून घेतलाय. मी फक्त चित्रकलेच्या तासाबद्दल बोलणार आहे, आणि तेही एकाच वर्षाच्या. आपली नववी, १९८६-८७. प्रयोगशाळेच्या मागे, पाण्याच्या टाकीला टेकून जे लोखंड गंजत पडलंय, ते आज सकाळी चहाच्या वेळी बऱ्याच जणांनी पाहिलं. दोघांनी त्याच्याबरोबर फोटोही काढून घेतला. "हा आपला बगळा ना रे?" असं मला चार जणांनी विचारलं. हो, आपलाच. तो कसा उभा राहिला हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. तो का पडला हे आजपर्यंत एकालाच नीट माहीत होतं. ते सांगायला मी उभा आहे.

इथे सुना, जावई आणि मुलंही बसली आहेत, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

चित्रकलेचा तास म्हणजे शनिवारचा शेवटचा. घागर, तिला टेकवलेलं सूप, पुढ्यात दोन वांगी, हे वस्तुचित्र. पावसातला बसथांबा, हे स्मरणचित्र. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटला एवढं पुरायचं. सर आपल्याकडे आले ते मुंबईला जे. जे.मध्ये शिकून. नववीच्या पहिल्याच शनिवारी त्यांनी आपल्याला पेन्सिली दप्तरात ठेवायला लावल्या आणि प्रत्येकाच्या हातात दोन हात लांबीची तार दिली. बांधकामावर सळया बांधायला वापरतात ती, काळी, मऊ तार. म्हणाले, "तोडायची नाही, जोडायची नाही. एका सलग तारेत शेजाऱ्याचं तोंड काढा."

माझा शेजारी म्हणजे मेस्त्रीकाकांचा मुलगा. त्याचं नाव घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि नाव घेतलेलं त्याला आवडत नाही. मी त्याचं तोंड काढलं. समोरून हुबेहूब. नाक, कपाळावरचा केसांचा झुबका, सगळं. त्याने माझं काढलं ते मला गाढवासारखं वाटलं. मग सर म्हणाले, "आता टेबलावर ठेवा." त्याचं गाढव टेबलावर ठेवलं ते उभं राहिलं. माझं चित्र आडवं पडलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा पडलं. सर मला म्हणाले, "तुझी रेघ चांगली आहे. याची रेघ उभी राहते."

त्या वेळी मला फक्त पहिलं वाक्य ऐकू आलं.

पुढचे दोन महिने आपण काय काय केलं ते आठवतं का? खराट्याच्या काड्या आणि शाडूच्या गोळ्या. चार काड्यांचा चौकोन केला की तो हाताने दाबताच तिरपा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण तसाच राहतो, काडी मोडेल पण कोन हलणार नाही. चौकोनात एक तिरपी काडी घातली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही हलायचा थांबतो. भूमितीच्या तासाला आपण त्रिकोणाची एकरूपता पाठ केली होती, पण तीन बाजू ठरल्या की त्रिकोण ठरतो या वाक्याचा अर्थ मला शाडूने माखलेल्या बोटांना कळला. मुलींच्या गटाने तर या काड्यांचा हातभर उंच मनोरा केला होता आणि त्यावर कंपासपेटी ठेवून दाखवली होती. मुलांच्या गटाचा मनोरा कंपासपेटी बघूनच बसला.

सर मधूनमधून गोष्टी सांगायचे. काल्डर नावाचा अमेरिकन शिल्पकार होता, तो मुळात मेकॅनिकल इंजिनियर. १९१९ साली पदवी घेतलेला. पुढे पॅरिसमध्ये त्याने तारेची अख्खी सर्कस केली, आणि १९५५ साली अहमदाबादला साराभाईंकडे पाहुणा म्हणून आला तेव्हा तिथेही त्याने शिल्पं केली. आपल्याजवळचं उदाहरण म्हणजे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. चित्रकार, शिल्पकार, आणि सिनेमाचा कॅमेरासुद्धा घरीच घडवणारे. आणि एक गोष्ट सर पुनःपुन्हा सांगायचे, ती पिकासोची. पिकासोला लोखंडात काम करायचं होतं, पण जोडकाम येत नव्हतं. मग १९२८च्या सुमाराला तो खुलिओ गोन्सालेसकडे गेला. गोन्सालेस बार्सिलोनाच्या धातुकाम करणाऱ्या घरातला, पॅरिसजवळ रेनॉच्या कारखान्यात गॅसचं वेल्डिंग शिकलेला. सर म्हणायचे, "पिकासोलासुद्धा मेस्त्री लागला. तेव्हा मेस्त्रीचं नाव आधी लिहायला शिका."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यातूनच पुढचं घडलं.

स्नेहसंमेलनासाठी काहीतरी मोठं करायचं ठरलं. आपल्या इचलकरंजीत लोखंडाला काय तोटा? जुने माग मोडीत निघत होते, भंगारवाल्यांकडे ढीग पडलेले. विषयासाठी मतदान झालं. महाराजांचा घोडा, विमान, माग असं सगळं पुढे आलं आणि शेवटी बगळा जिंकला. का जिंकला ते मला माहीत आहे, कारण चित्र माझं होतं आणि मी चार दिवस प्रचार केला होता. एका पायावर उभा, दुसरा पाय पोटाशी, मान आकड्यासारखी. सर सगळ्या वर्गाला पंचगंगेच्या घाटावर घेऊन गेले. दोन तास आपण बगळे पाहत बसलो. तिथे सरांनी दाखवलं की बगळ्याचा गुडघा मागे वळतो असं आपल्याला वाटतं, तो खरं तर त्याचा घोटा. खरा गुडघा वर पिसांत लपलेला असतो. म्हणजे आपण ज्याला पाय म्हणतो तो अर्धा तळपायच.

आधी तारेचा नमुना केला, एकास दहा मापाचा. बत्तीस सेंटिमीटरचा बगळा एका तारेवर झकास उभा राहिला. मी म्हटलं, झालं, याच्या दहापट करू. सरांनी फळ्यावर लिहून दाखवलं. उंची दहापट केली की पायाची जाडी दहापट होते, तिचा छेद शंभरपट होतो, पण वजन होतं हजारपट. छेद शंभरपट आणि त्यावर भार हजारपट. छोटा उभा राहिला म्हणून मोठा राहीलच असं नाही. मुंगीला हत्तीएवढं केलं तर तिचे पाय मोडतील, ते याच हिशेबाने.

म्हणून पाय एका सळईचा न करता तीन सळयांचा करायचं ठरलं. बारा एमएमच्या तीन सळया, त्रिकोणात, एकमेकींपासून बारा सेंटिमीटरवर. आणि खालपासून वरपर्यंत त्या तिघींना बांधणारे तिरपे तुकडे, आठ एमएमचे, नागमोडी. विजेच्या तारांचे उंच मनोरे तुम्ही शेतात पाहता, तशी बांधणी. ही कल्पना मेस्त्रीकाकांची.

मेस्त्रीकाकांबद्दल किती सांगू? त्यांच्या शेडमध्ये आपण डिसेंबरचे सगळे शनिवार-रविवार काढले. मागाच्या दुरुस्तीचं काम बाजूला सारून त्यांनी आपल्याला जागा दिली, मजुरी घेतली नाही. आपल्या वजनाच्या हिशेबाला ते हसायचे. "आठची सळई मीटरला चारशे ग्रॅम, बाराची नऊशे धर, संपलं." डिप्लोमाला गेल्यावर मला सूत्र शिकवलं, व्यासाचा वर्ग भागिले १६२. करून पाहिलं तर आठला ३९५ ग्रॅम आणि बाराला ८८८. काकांनी ते सूत्र कधी पाहिलं नव्हतं.

मागाचं एक दातेरी चाक मला पायाच्या तळपत्र्याला जोडून हवं होतं. काका म्हणाले, "ते बीड आहे. साध्या रॉडनं धरल्यासारखं करील आणि रात्री तडकेल." मी हट्ट केला. त्यांनी शांतपणे जोडून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जोडाच्या कडेने केसासारखी चीर. त्यांनी काही न बोलता चाकाला भोकं पाडली आणि बोल्टने आवळून दिलं. बिडात कार्बन जास्त, जोडाजवळची जागा भराभर थंड होऊन ठिसूळ होते, हे मी पुढे शिकलो. पण हट्ट चालू देऊन, तो मोडू देऊन, वर न बोलणं, हे मला अजून जमत नाही.

प्रार्थनेच्या हॉलच्या फरशीवर मुलींनी खडूने पूर्ण मापाचा बगळा काढला. साडेदहा फूट. त्या रेघांवर सळया ठेवून वाकवायच्या, शेडमध्ये नेऊन आधी नुसते ठिपक्याएवढे टाके मारायचे, सगळं गुण्यात आणि ओळंब्यात आहे का बघायचं, मग पुरा जोड भरायचा. आणि तोही एका बाजूने सलग भरायचा नाही. आज या अंगाला, मग त्या अंगाला. गरम जोड थंड होताना आकसतो आणि सळईला आपल्याकडे ओढतो. जोडकाम अर्थात काकाच करत. आपण धरायचं, घासायचं, आणि त्यांनी "डोळं!" म्हटलं की तोंड फिरवायचं. एक पठ्ठ्या तोंड न फिरवता बघत राहिला. रात्रभर डोळ्यांत वाळू घातल्यासारखं होऊन रडत होता. आज तो डोळ्यांचा डॉक्टर आहे. हसू नका, खरंच आहे.

पिसं वीस गेजच्या पत्र्याची. चोच मात्र कुणाला सुचली ते आठवत नाही, पण तिला तोड नव्हती. मागाचे दोन धोटे, एकावर एक. लाकूड गुळगुळीत, टोकाला लोखंडी अणी. बगळ्याची चोच आपल्या गावात शंभर वर्षं तयार होती, कुणी उचलून लावायचंच बाकी होतं. भंगारवाल्याच्या काट्यावर सगळं वजन भरलं चोपन्न किलो.

आता माझ्या भागाकडे येतो.

त्या पायाच्या तिरप्या तुकड्यांवरून मला झोप येईना. माझ्या चित्रात पाय म्हणजे एक बारीक, ताणलेली रेघ होती. आणि इथे बगळ्याने शिडी घातल्यासारखं दिसत होतं. वरचे तुकडे एकवेळ पिसांच्या सावलीत जात, पण खालचे दोन फूट, बरोबर लोकांच्या नजरेसमोर. मी सरांना म्हटलं, खालचे काढू या. सर म्हणाले, "मेस्त्रींना विचार. उभं करायची जबाबदारी त्यांची आहे." मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "हात लावायचा नाही."

संमेलनाच्या दोन दिवस आधी बगळा शाळेच्या आवारात चौथऱ्यावर उभा केला. रंग द्यायचं काम माझ्याकडे होतं. त्या संध्याकाळी मी एकटा थांबलो आणि हॅक्सॉने खालच्या दोन फुटांतले तिरपे तुकडे कापले. तीन बाजू, प्रत्येक बाजूला तीन, एकूण नऊ. कापलेली टोकं कानशीने घासली, वरून रेड ऑक्साइड, त्यावर पांढरा. तुकडे मागच्या विहिरीत टाकले. बगळा हलला नाही. मी खांदा लावून ढकलूनसुद्धा पाहिलं.

सकाळी सर आले. त्यांच्या नजरेतून काय सुटणार? म्हणाले, "खालचे कुठे गेले?" मी म्हटलं, "मेस्त्रीकाकांनी काढले सर. म्हणाले, खाली चालतंय." सरांनी मान हलवली. मेस्त्रीकाका उद्घाटनाला आले तेव्हा पायाकडे बघून त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "सरांनी कापायला सांगितलं. दिसायला बरं दिसत नव्हतं." काका एवढंच म्हणाले, "मग इचारायचं तरी."

दोन माणसं, दोन खोटी वाक्यं. मला वाटत होतं की ते दोघं त्या गर्दीतच एकमेकांना विचारतील आणि माझी चोरी उघडी पडेल. पण काका सरांशी न बोलता गेले. शिकलेल्या माणसाने आपला शब्द डावलला, असं त्यांना वाटलं. सरांना वाटलं, मेस्त्री कामात आहेत, घाईत गेले.

चौथऱ्यावर पाटी होती. सरांनी स्वतः अक्षरं काढली होती. वरच्या ओळीत जोडकाम, आणि पुढे काकांचं पूर्ण नाव. त्याखाली, रचना, नववी ब. मेस्त्रीचं नाव आधी.

मे महिन्यात, सुट्टीत, वळवाचा पाऊस झाला. पत्रे उडाले, रस्त्यावर झाडं आडवी पडली. सकाळी शिपाईमामांनी पाहिलं, बगळा चौथऱ्यापासून दोन फुटांत वाकून जमिनीवर तोंड टेकवून पडलेला. नळाजवळच्या कट्ट्यावर त्याचा पंख आदळला होता. शाळा चालू असती तर त्या कट्ट्यावर मुलं डबे धूत असती. हे मला रात्री अजून आठवतं.

गावाने पाटी वाचली. जोडकाम कुणाचं ते तिथे मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. मेस्त्रीचं वेल्डिंग कच्चं निघालं, अशी चर्चा झाली. शाळेच्या बाकांच्या लोखंडी सांगाड्यांचं काम काकांकडे यायचं होतं, ते दुसऱ्याकडे गेलं. सरांकडून लेखी खुलासा मागवला. त्यांनी लिहून दिलं की रचनेला मान्यता माझी होती, चूक माझी आहे. माझ्या खोट्या वाक्याच्या आधाराने ते काकांवर ढकलू शकले असते. त्यांनी ढकललं नाही. पण तेही मनातून समजत होते की तुकडे मेस्त्रींनी काढले. लोखंडाचा वर्ग बंद झाला. दहावीत पुन्हा घागर आणि सूप. सर आणि काका हे दोघं, डिसेंबरभर एका किटलीतला चहा प्यालेली माणसं, त्यानंतर रस्त्यात भेटली तरी बोलत नसत. मी दोघांनाही रोज बघत होतो. मी बोललो नाही. आधी दहावीचं वर्ष म्हणून, मग गाव सोडलं म्हणून, मग इतकी वर्षं झाली म्हणून.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी मी त्या बगळ्याचा हिशेब केला. वर्गात दिलेलं उदाहरण नव्हतं, रात्री खोलीवर बसून केला. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी १०८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला तीस मीटर वारा धरला तर उभ्या चौरस मीटरवर सुमारे पंचावन्न किलो जोर येतो. आपल्या बगळ्याचं अंग पाऊण-एक चौरस मीटरच्या आसपास. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस किलो, जमिनीपासून दोन मीटर वर, आडवे. तिरपे तुकडे जागेवर असते तर वाऱ्याकडची सळई ताणली गेली असती आणि पलीकडच्या दाबल्या गेल्या असत्या. सळई ताणून तोडायला फार जोर लागतो. माझ्या हिशेबाने तिच्या ताकदीच्या एक तृतीयांशाइतकाही भार त्या वाऱ्याने येत नव्हता. पण तुकडे काढले की त्या तीन सळया एकमेकींना ओळखत नाहीत. प्रत्येक जण आपापलं वाकते. आणि बारा एमएमची सळई वाकवायला आपण नववीतली पोरंच पुरेशी होतो, डिसेंबरभर तेच तर करत होतो. हिशेब निघाला ताकदीच्या सव्वापटीहून वर. शिडीच्या पायऱ्या काढून घेतल्या तर उरतात ते दोन बांबू. मी नेमक्या खालच्या दोन फुटांतल्या पायऱ्या काढल्या होत्या, आणि तो नेमका तिथेच वाकला.

आणि एक गोष्ट. काकांचा एकही जोड सुटलेला नाही. आज सकाळी चहा घेऊन मी मागे गेलो ते हेच बघायला. तळपत्र्याचे जोड, वरचे तिरपे, मानेचे, पिसांचे. इतकी वर्षं पावसात गंजून सुद्धा, सगळे धरून आहेत. सळया वाकल्या, जोड सुटले नाहीत. पाहिजे त्याने आत्ता जाऊन हात लावून बघावा. ज्यांनी ज्यांनी त्या वेळी 'वेल्डिंग कच्चं' म्हटलं, त्यांच्यातले काही या सभागृहात आहेत. माझे वडीलही त्यांच्यातच होते, आणि ते बोलत असताना मी समोर ताटावर बसलेलो होतो.

मागच्या वर्षी मेळाव्याचं ठरलं तेव्हा मी मित्राला फोन केला. काका जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्याला सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोलला नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "बाबा सरांवर राग धरून गेले. 'मास्तरनं माझ्या नावाची पाटी लावली आन् माझंच काम कापलं', असं म्हणायचे." मी म्हटलं, मला माफ कर. तो म्हणाला, "ते आत्ता नको. बाकांचं काम गेलं ते वर्ष आम्हाला जड गेलंय." मग विचारलं, मेळाव्यात सांगू का? म्हणाला, "सांग. पण सर समोर असताना सांग."

म्हणून, सर, तुम्ही समोर बसलेले असताना सांगतो. ते नऊ तुकडे मेस्त्रीकाकांनी काढले नाहीत. त्यांनी 'हात लावायचा नाही' म्हणून सांगितलं होतं. मी कापले. तुम्हाला मी जे सांगितलं ते खोटं होतं, आणि त्यांना जे सांगितलं तेही. तुम्ही लेखी खुलाशात जी चूक आपल्या नावावर घेतली ती तुमची नव्हती. त्यांचीही नव्हती.

मी पुढे आयुष्यभर कारखान्यांच्या शेडचे लोखंडी सांगाडे तपासायचं काम केलं. कुठल्याही साइटवर गेलो की आधी खाली बसून खालचे दोन फूट बघतो. बरोबरच्या पोरांना वाटतं साहेबांची सवय आहे.

आता कामाचं बोलतो, कारण जेवणाची वेळ होत आलीय. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आहे. उद्या रविवारी सकाळी नऊ वाजता बगळा मित्राच्या शेडवर न्यायचा आहे, टेम्पो ठरलाय. वाकलेल्या सळया ठोकून सरळ करून वापरायच्या नाहीत, एकदा इतकं वाकलेलं लोखंड तिथेच पुन्हा दगा देऊ शकतं. खालचा पाय पूर्ण कापून बाराच्या तीन नव्या सळया लावायच्या. पिसं बरीच गेली आहेत, पत्रा आणलाय, कातरी आपापली आणावी. चोचीचे धोटे कुजलेत. कुणाच्या घरी जुने लाकडी धोटे असतील तर दोन हवेत, शोकेसमधले असले तरी चालतील. मुलींनी (मुलीच म्हणणार, आजी झालात तरी) खडू घेऊन यावं, शेडची फरशी मोकळी केलेली आहे. पाटीची अक्षरं सरांनी काढावीत अशी विनंती आहे. सर, हात थरथरतो असं तुम्ही सकाळी म्हणालात, तर आम्ही पाटी धरतो. मजकूर होता तोच, ओळींचा क्रमही तोच. काकांचं नाव वर.

जोडकाम मित्र करणार आहे. तिरप्या तुकड्यांसाठी आठची सळई लागेल सव्वादोन मीटर, ती मी आणलीय. नऊ तुकडे मी कापणार, हॅक्सॉने.

सुती कपडे घालून या, नायलॉनचं काही नको, ठिणगीने चिकटतं. आणि तो "डोळं!" म्हणाला की सगळ्यांनी तोंड फिरवायचं. डॉक्टरसाहेब, तुम्हीसुद्धा.